प्राथमिकच्या वर्गात कला आणि विज्ञान एकत्र घेता येतील असे कोणते उपक्रम आहेत?

वर्ग तिसरीचा, मुलं ४०, तास ३५ मिनिटांचा आणि प्रयोगशाळा नाही. अशात चित्रकला आणि विज्ञान मिळून काय घेता येईल, मुलांच्या हाताला काम कसं द्यावं आणि त्याचं मूल्यमापन कसं करावं, असं तुम्ही विचारलंय.

मी बरीच वर्षं तिसरी-चौथीला शिकवते. यादीच हवी असेल तर पन्नास उपक्रम निघतील, पण मी वर्षाला चार-पाचच घेते. एकेक उपक्रम दोन-तीन तास चालतो आणि त्यात एक गोष्ट ठरलेली असते: काय होईल असं वाटतं, त्याचं चित्र आधी काढायचं, मग करून बघायचं, मग जे झालं त्याचं चित्र काढायचं. चित्रकला कुठे आली, असं विचारलंत तर ती इथे आली. प्रयोग झाल्यावर वेळ उरला म्हणून रंगवायला दिलेला कागद मी कलेत धरत नाही.

माझा आवडता उपक्रम खडूचा. फळ्यावर लिहायचा साधा पांढरा खडू घ्या. जाड टोकापासून साधारण १ सेंमी वर काळ्या स्केचपेनने बांगडीसारखी गोल रेघ ओढा. बशीत अर्धा सेंमीपेक्षा कमी पाणी घेऊन खडू त्यात उभा करा. रेघ पाण्याच्या वर राहायला हवी. पाणी खडूच्या बारीक छिद्रांतून वर चढतं, रेघेला भिडतं आणि काळा रंग फुटायला लागतो. आमच्या पेनात खाली जांभळट, मध्ये गुलाबी आणि सगळ्यात वर निळा निघतो. तुमच्या पेनात वेगळे निघतील, कारण काळी शाई प्रत्येक कंपनी आपापल्या रंगांतून बनवते. म्हणून दोन-तीन वेगवेगळी काळी पेनं मुद्दाम आणा. फक्त ती पाण्याने धुतली जाणारी हवीत. कायमस्वरूपी मार्करची किंवा बॉलपेनची शाई पाण्यात जागची हलत नाही.

पहिल्या वर्षी मी हे नुसतंच करून दाखवलं. मुलांनी ‘वा!’ केलं आणि विषय संपला. दुसऱ्या वर्षी आधी चित्र काढायला लावलं. बहुतेकांनी अख्खा खडू काळा रंगवला. एका मुलीने मात्र खडू पांढराच ठेवला आणि बशीतलं पाणी काळं केलं. विचारलं तर म्हणाली, ‘‘रंग खाली गळणार ना बाई, वर कसा चढेल?’’ वर्गातल्या सगळ्यांचे खडू रंगीत व्हायला लागले तेव्हा ती गप्प बसली होती. थोड्या वेळाने बघते तर तिच्या बशीत खरोखरच काळं पाणी! तिने दुसरा खडू घेऊन रेघ अगदी टोकाशी ओढली होती, त्यामुळे ती पाण्यात बुडाली आणि रंग विरघळून बशीत उतरला. ‘‘बघा, गळला!’’ मग आम्ही दोन्ही खडू शेजारी ठेवले आणि रेघ पाण्याच्या वर का हवी, हे मला सांगावंच लागलं नाही. एरवी मी तो ‘चुकलेला’ खडू टाकून दिला असता.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने पानांतले रंग जवळजवळ असेच वेगळे केले होते. काचेच्या नळीत खडूची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची, पूड भरून त्यातून पानांचा अर्क सोडला, तर हिरवे-पिवळे पट्टे वेगवेगळे पडले. १९०६ साली त्याने या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी म्हटलं, म्हणजे रंगलेखन. रशियनमध्ये ‘त्स्वेत’ या शब्दाचा अर्थच रंग, हे सांगितलं की तिसरीतली मुलं फार खूश होतात.

पुढच्या तासाला हेच टिपकागदावर. कागदाची गोल चकती कापायची, मधोमध भोक पाडून त्यात कागदाचीच वात खुपसायची, भोकाभोवती ठिपके द्यायचे आणि चकती पाण्याच्या पेल्यावर ठेवायची. पाणी वातीतून चढून कडेकडे पसरतं आणि फुलासारखी नक्षी उमटते. इथे मी नमुना दाखवत नाही. एकदा दाखवला होता, तर ४० एकसारखी फुलं मिळाली. प्रत्येकाला तीन चकत्या द्या. पहिली अंदाजपंचे होते. तिसऱ्या चकतीपर्यंत मुलांना कळलेलं असतं की कुठला रंग लांब पळतो आणि कुठला जागीच रेंगाळतो, आणि त्या हिशेबाने ती ठिपके देतात.

पानांचे ठसे सगळेच घेतात, तुम्हीही घेत असाल. पानाची मागची बाजू वर ठेवा, पातळ कागद घ्या आणि मेणखडूचं वेष्टन काढून तो आडवा घासा, एवढंच सांगते. गवताचं पान आणि जास्वंदीचं पान शेजारीशेजारी घ्यायला लावा. एकाच्या शिरा समांतर, दुसऱ्याच्या जाळीदार, हे बोटांनाच कळतं.

सावलीला मात्र अख्खा दिवस द्या. मातीच्या गोळ्यात पेन्सिल उभी रोवून ती मैदानात मोठ्या कागदावर ठेवायची आणि दर तासाला वेगळ्या रंगाने सावली आखायची. संध्याकाळपर्यंत पंखा उलगडावा तसं चित्र तयार होतं. गोळ्याभोवती आधीच रेघ मारून ठेवा आणि कागदावर दगड ठेवा, नाहीतर कुणीतरी ‘सरळ करायला म्हणून’ तो हलवतोच. सगळ्यात आखूड सावली बरोबर १२ वाजता पडेलच असं नाही, कारण घड्याळाची दुपार आणि सूर्याची दुपार क्वचितच जुळतात. मुलं त्यावर वाद घालतात. घालू द्या.

दोन गोष्टी मी सोडून दिल्या आहेत. एक, सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी. फेस येतो, आरडाओरडा होतो आणि खऱ्या ज्वालामुखीबद्दल काहीच कळत नाही. दुसरी, सात रंगांची फिरती चकती. पांढरा दिसेल म्हणून सांगायचं आणि रंगवलेल्या चकतीवर दिसतो राखाडी. मुलं आपल्याला वाईट वाटू नये म्हणून ‘हो बाई, पांढरा’ म्हणतात, आणि ते मला नको असतं.

चार मुलांत एक बशी, म्हणजे दहा गट. पाणी तुम्हीच ओता, कारण बशी काठोकाठ भरण्याचा मोह त्या वयात आवरत नाही. आधीचं चित्र एका तासाला, प्रयोग दुसऱ्या तासाला. शेवटची दहा मिनिटं आवराआवरीला राखून ठेवा आणि प्रत्येक गटाला एक फडकं द्या.

मूल्यमापनासाठी मी आधीचं आणि नंतरचं चित्र एकाच पानावर चिकटवायला लावते आणि त्यांच्यामध्ये एक ओळ लिहून घेते: ‘काय वेगळं झालं?’ अंदाज चुकला म्हणून गुण कापत नाही. आधीचं चित्र गुपचूप खोडून बरोबर केलेलं दिसलं, तर मात्र त्या मुलाला जवळ बसवून पुन्हा काढायला लावते. पहिल्या एक-दोन उपक्रमांत खोडलेली पानं बरीच निघतील, त्याची तयारी ठेवा.