उपहार, उपाहार आणि अपहार

प्रश्न असा आहे: कार्यालयाच्या सूचनेत ‘बैठकीनंतर अपहाराची व्यवस्था केली आहे’ असं छापून आलं. हसून झालं, पण बरोबर काय, ‘उपहार’ की ‘उपाहार’?

खाण्याची सोय असेल तर ‘उपाहार’. उप + आहार, म्हणून ‘पा’. मुख्य जेवण नव्हे, मधलं हलकं खाणं. ‘उपहार’ म्हणजे भेट, नजराणा. त्या हिशेबाने ‘उपहारगृह’ अशी पाटी भेटवस्तूंच्या दुकानावर शोभेल, पण ती इतकी रुळली आहे की मी आता तिच्याशी भांडत नाही. ‘अपहार’ मात्र थेट फौजदारीतला शब्द: विश्वासाने सोपवलेला पैसा लाटणे. बैठकीनंतर त्याची व्यवस्था करणारे असतीलही, पण ते आधी सूचना काढत नाहीत!

गंमत म्हणजे तिन्ही शब्द एकाच ‘हृ’ धातूचे. हृ म्हणजे नेणे. ‘अप’ लागला की दूर पळवून नेणं, ‘उप’ लागला की जवळ नेऊन देणं. आहार, प्रहार, परिहार, संहार ही सगळी त्याच घरची भावंडं. म्हणूनच ‘कर्मचाऱ्यांच्या शंकांचा परिहार’ लिहिता लिहिता ‘संहार’ होऊ शकतो. चुका दाखवणारं सॉफ्टवेअर इथे गप्प बसतं, कारण शब्द म्हणून दोन्ही शुद्धच.

याहून सर्रास दिसते ती ‘कामावर ऋजू झालो’ ही चूक. हवा आहे ‘रुजू’. तो अरबीतून फारसीमार्गे आलेला, मुळात ‘परतणे’ या अर्थाचा. ‘ऋजू’ संस्कृतातला, म्हणजे सरळ, मृदू स्वभावाचा. मराठीत आपण ‘ऋ’चा उच्चार ‘रु’सारखाच करतो, त्यामुळे कान काही मदत करत नाही, शिवाय ‘ऋ’ लिहिलं की अर्ज जरा भारदस्त वाटत असावा. नव्या कर्मचाऱ्याने आधी रुजू व्हावं, मग साहेबांपुढे ऋजू राहावं की नाही ते त्याचं त्याने ठरवावं.

‘बढती’ आणि ‘बडतर्फी’ यांत मात्र जपून. दुसरा शब्द फारसी ‘बर-तरफ’वरून आला, म्हणजे बाजूला केलेला. अभिनंदनाच्या फलकावर तो चढला तर सत्कारमूर्तीला घाम फुटेल.

आणि ‘कामगार दीन’. दिवस म्हणायचा असेल तर ‘दि’ ऱ्हस्व. दीर्घ ‘दी’ काढलात तर अर्थ होतो गरीब, लाचार. आणि तो फलक व्यवस्थापनाने लावला असेल तर कुणी चूक समजणारही नाही.