पॉवर स्टिअरिंगचा नवा बेल्ट पुलीवर चढतच नाही, टॉमीनं (लोखंडी पहारीनं) रेटून बसवू का?

रेटू नका. जीप जुनी फोर-बाय-फोर आहे, शेतात चालते, आणि हा बेल्ट ज्याला फिरवतो तो स्टिअरिंगचा पंप पूर्ण आत ढकलूनही बेल्ट बोटभर कमी पडतोय, असं तुम्ही लिहिलंय. यातलं ‘पूर्ण आत’ मला पटत नाही. माझ्याही जीपचा पंप पूर्ण आत गेला होता. म्हणजे मला तसं वाटत होतं.

मी सोलापूरच्या पूर्व भागातला, घरी यंत्रमाग होते. मागाच्या मोटरवर बेल्ट चढवताना मामा पुली हातानं फिरवत आणि कडेकडेनं बेल्ट सरकवत चढवायचे. मीही जीपला तेच केलं. पुलीच्या खाचेत मोठा स्क्रू-ड्रायव्हर घातला, क्रँक पुलीच्या (इंजिनाच्या मुख्य पुलीच्या) बोल्टला गोटी पाना लावून इंजिन फिरवलं आणि बेल्ट टक्कन बसला. लई खूश झालो. महिनाभरात बार्शी रस्त्यावर वैरागच्या अलीकडं त्याच बेल्टच्या कडेनं दोरे सुटले, तो फडफडला आणि गेला. स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. गाडी वळते, पण खांदे निघतात. व्ही-बेल्टचा, म्हणजे खाली निमुळत्या होत जाणाऱ्या या बेल्टचा, सगळा जोर आतल्या दोऱ्यांवर असतो. रेटताना कडेचे दोरे तुटले तरी वरून रबर साबूत दिसतं. माझ्या गाडीत इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचा बेल्ट वेगळा आहे म्हणून हळूहळू घरी आलो. तुमच्या गाडीत एकच बेल्ट दोन्ही पंप फिरवत असेल तर तो तुटल्यावर इंजिन लगेच बंद करायचं, नाहीतर ते तापून बसेल.

आता पंप का सरकत नाही ते बघू. त्याला साधारण दोन जागी धरलेलं असतं. एक लांबट खाचेतला बोल्ट, जो सगळ्यांना दिसतो आणि सगळे तोच ढिला करतात. दुसरा, ज्यावर पंप झुलतो तो. हा बहुतेक वेळा पुलीच्या मागं लपलेला असतो, काही गाड्यांत पुलीच्या भोकांतून गोटी घालावी लागते. तो ढिला केला नाही तरी पंप थोडा हलतो, म्हणून आपली फसगत होते. ब्रॅकेट नुसतं लवतं आणि आपण समजतो की संपली जागा. काही ब्रॅकेटला मागून तिसराही बोल्ट असतो, हाताने चाचपून बघा. ताण कमी-जास्त करणारा लांब अ‍ॅडजस्टर स्क्रू असेल तर तोही उलटा फिरवून पुरेसा मागं घ्यावा लागतो.

चिखलात चाललेल्या गाडीचा हा झुलता बोल्ट गंजून जाम झालेला असतो. गंज सोडवणारा स्प्रे मारा आणि रात्रभर सोडून द्या. सकाळी ब्रॅकेटवर हलके टोले द्या, पंपावर नको. बोल्ट पूर्ण काढायचा नाही, फक्त ढिला करायचा. एवढ्यानं माझा पंप दोन बोटं आणखी आत गेला. ते बघून स्वतःलाच शिवी घातली.

दुसरी भानगड आपल्या काळ्या मातीची. पावसाळ्यात ती उडून पुलीच्या खाचेत बसते आणि उन्हाळ्यात वाळून विटेसारखी होते. व्ही-बेल्ट खाचेच्या तळाला टेकत नाही, दोन्ही उतरत्या बाजूंवर बसतो. त्या बाजूंवर माती किंवा गंजाचा थर असला की बेल्ट वर उचलून बसतो आणि आखूड असल्यासारखा वाटतो. जुना बेल्ट ताणलेला आणि कडांनी झिजलेला होता, म्हणून तो चालत होता. सगळ्या खाचा तारेच्या ब्रशनं घासून कोरड्या करा. बेल्ट नीट बसला की त्याची पाठ पुलीच्या काठाशी जवळपास सपाट दिसते.

मग नंबर. बेल्टच्या पाठीवर ‘एव्ही १३×१०२५ एलए’ असं काहीतरी छापलेलं असतं. १३ म्हणजे मिलिमीटरमध्ये वरची रुंदी, १०२५ म्हणजे बाहेरून मोजलेली लांबी. दुकानात जुना-नवा बेल्ट शेजारी धरून जुळवू नका, जुना लांबलेला असतो. पुस्तिकेतला नंबर जुळवा. दोनच पुल्या असतील तर २५ मिलिमीटर आखूड बेल्टासाठी पंप सुमारे १२ मिलिमीटर जास्त आत जावा लागतो, तेवढी जागा बोल्टच्या लांबट खाचेत नसेलही. बारीक रेघांचा चपटा बेल्ट असेल तर ‘६पीके’तला ६ म्हणजे रेघा. एक रेघ पुलीबाहेर राहिली तरी तो चढत नाही किंवा कडेनं खातो. त्याला बऱ्याचदा आपोआप ताण देणारा टेन्शनर असतो, तसा असेल तर पंपाशी झटापट करायचीच नाही, टेन्शनर पान्यानं फिरवून धरायचा.

काम सुरू करण्याआधी चावी खिशात आणि बॅटरीचा निगेटिव्ह काढलेला. मागाच्या बेल्टात बोट गेलेली माणसं आमच्या गल्लीत होती, म्हणून सांगतो.

बेल्ट हातानं चढला पाहिजे, थोडा कुरकुरत का होईना. नंतर ताण देताना टॉमी पंपाच्या ओतीव भागाला किंवा ब्रॅकेटला लावा. तेलाच्या पत्र्याच्या डब्याला आणि पुलीला बिलकूल नाही, डबा पिचला की तेल गळतं आणि तेच तेल बेल्ट फुगवतं. दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्यानं चांगला जोर दिल्यावर १० ते १२ मिलिमीटर दबला तर ठीक. पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच धरा. अंतर आखूड असेल तर कमी दबेल. ‘ओरडायला नको’ म्हणून तारेसारखा ताणणारे मिस्त्री मी बघितलेत. त्यात पंपाचं बेअरिंग आणि ऑइल सील जातं, आणि पंपापुढं बेल्टची किंमत म्हणजे चहाचे पैसे. माझं मत विचाराल तर किंचित ढिला परवडला, तो ओरडून सांगतो तरी.

शेवटी झुलता बोल्ट विसरू नका, तोही आवळायचा. गाडी सुरू करून स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवा, टोकाला दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त धरू नका. नवा बेल्ट सुरुवातीला ताणतोच, म्हणून तुळजापूरला एक फेरी झाली की इंजिन थंड झाल्यावर ताण परत बघा, आणि दोन-तीनशे किलोमीटरनं आणखी एकदा. जुना बेल्ट तुटलेला नसेल तर फेकू नका. मी माझा सीटखाली ठेवलाय, १४ आणि १७चा पाना त्याच पिशवीत.