हुमणी, गेंड्या आणि ‘भुंगा’

प्रश्न असा आहे: ‘शेणखतात निघणारी जाड पांढरी अळी म्हणजे हुमणीच ना? मग तिच्यातून गेंड्या भुंगा कसा निघतो? आणि भुंगा हा शब्द भुणभुणण्यावरून आला का?’

जिच्यातून गेंड्या निघतो ती हुमणी नव्हेच! पांढरी, वाकडी अळी दिसली की सरसकट हुमणी म्हणायचं, हे ऐकून कान किटले आहेत. हुमणी जमिनीत राहून उसाची, भुईमुगाची जिवंत मुळं कुरतडते. वळीव पडला की तिचे तपकिरी भुंगेरे तिन्हीसांजेला बाहेर पडतात आणि कडुलिंब-बाभळीचा पाला खातात. गेंड्याची अळी उकिरड्यात किंवा माडाच्या सडक्या खोडात वाढते आणि कुजकंच खाते. माडाला छळतो तो मोठा झालेला भुंगा. तो शेंड्यातला कोवळा कोंब पोखरतो, मग झावळी उलगडते ती कात्रीनं कापल्यासारखी. खात्री हवी तर अळीच्या शेपटाकडची फट भिंगातून पाहा: हुमणीची तीन फाट्यांची, गेंड्याची आडवी.

आता भुंगा. ‘भुंभुं करतो म्हणून भुंगा’ असं सांगणारे जाणकार ध्वनीवर बोट ठेवून मोकळे होतात. हा निव्वळ आळस आहे. शब्द सरळ संस्कृत ‘भृंग’वरून आला आहे. प्राकृतात ‘भिंग’ आहे, मग मराठीत ‘भिंगा’ व्हायला हवा होता, असा आक्षेप घेतात. पण ओष्ठ्य, म्हणजे ओठांनी उच्चारायच्या प, भ, व यांसारख्या व्यंजनाला लागलेल्या ऋ चा उ होऊ शकतो, हे मराठीत दिसतं. ‘पृच्छ्’चं पुसणं झालं, ‘प्रावृष्’चा पाऊस झाला. मग ‘भृंग’चा भुंगा व्हायला काय हरकत?

संस्कृतातला भृंग फुलांवरचा भ्रमर, पण माझ्या मते त्या शब्दात वजन आवाजाला नाही, काळेपणाला आहे. भृंगराज म्हणजे माका ही वनस्पती, केस काळे करायला वापरतात ती. भृंगराज म्हणजे लांब शेपटीचा काळाकुळकुळीत कोतवाल पक्षीही. मराठीनं हा काळा रंगच उचलला. म्हणून लाकूड पोखरणारी ती मोठी काळी माशी, खरं तर मधमाशीच्या गोतावळ्यातली, भुंगा झाली आणि माडावरचा काळा गेंड्याही भुंगा झाला. हुमणीचा किडा तपकिरी, त्याला शेतकरी भुंगेरा म्हणतो. ‘भुंभुं’वाल्यांनी आधी हे सांगावं, की माका कुठे गुणगुणतो?