नाताळ आपल्यात नसतो, असं कोण म्हणालं?

ड्रेस्डेन, डिसेंबर

चिऊ,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. २४ तारखेला पोलंडमधल्या तुझ्या मैत्रिणीच्या आजीकडे जेवायला जाणार आहेस, आणि त्या आजींनी आधीच विचारून ठेवलंय, 'मराठी लोक नाताळला काय करतात खायला?' तू सांगून मोकळी झालीस, 'आमच्यात नाताळ नसतो, तो गोव्याला असतो.' आता मला विचारतेस, बरोबर सांगितलं ना? आणि जाताना काय नेऊ?

आपल्या घरात नसतो, एवढं बरोबर. मराठी लोकांत मात्र असतो, आणि चांगला दणक्यात असतो. फोनवर सांगायला गेले की तू मध्येच 'हो गं, कळलं' म्हणतेस, म्हणून हे लिहितेय.

माझं लहानपण वसईजवळ निर्मळला गेलं हे तुला माहीतच आहे. तिथे सामवेदी ब्राह्मणांची घरं आणि कुपारी ख्रिश्चनांची घरं शेजारीशेजारी, आणि दोघांच्याही घरात बोलणं कादोडी. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. मधल्या दोनशे वर्षांत जे ख्रिस्ती झाले त्यांचा देव बदलला, पण केळीच्या बागा, पानवेली, विहिरी आणि चुली त्याच राहिल्या. दिवाळीत आमच्याकडचं फराळाचं ताट त्यांच्याकडे जायचं आणि नाताळात त्यांचं आमच्याकडे यायचं. त्यात केकचे तुकडे, काट्याच्या पाठीवर वळलेले कुलकुल आणि करंज्या असायच्या. हो, करंज्याच! तुझी आजी ती उचलून कडा तपासायची आणि 'पुडं सुटलेत हिचे' म्हणायची. खायची मात्र पहिली तीच.

त्यांच्या घरात त्या दिवशी खरी गडबड असायची फुगे आणि इंदाळाची. फुग्यांचं पीठ मैद्याचं, त्यात अंडी आणि नारळाचं दूध, आणि ते फुगावं म्हणून ताडी. पीठ चांगलं वर आलं की मूठभर हातात घ्यायचं, अंगठा आणि तर्जनीमधून दाबून बाहेर काढायचं आणि गोळा थेट गरम तेलात सोडायचा. तो स्वतःच टम्म फुगतो, उलटतो. हे बघायला आम्ही पोरं मागच्या दाराशी उभी असायचो. इंदाळ म्हणजे डुकराचं मटण, व्हिनेगरमध्ये मुरवलेलं. मुंबईच्या गावठाणांतले ईस्ट इंडियन, म्हणजे मूळचे इथलेच कॅथलिक लोकही नाताळला हेच करतात. त्यांचा बॉटल मसाला ऐन उन्हाळ्यात मिरच्या वाळवून, भाजून, कांडून तपकिरी बाटल्यांत ठासून भरलेला असतो आणि तो वर्षभर पुरतो. म्हणजे त्यांच्या डिसेंबरातल्या जेवणाची तयारी एप्रिल-मेमध्येच सुरू झालेली असते. आमचं घर शाकाहारी, त्यामुळे इंदाळ आमच्या ताटात कधी आलं नाही. मी ते पुढे कॉलेजात असताना खाल्लं. हे आजीला सांगू नकोस.

गोव्याचं तू म्हणालीस ते खरंच. तिथे नाताळच्या गोडाधोडाला कुस्वार म्हणतात. काळ्या माडाच्या गुळाचं आणि नारळाच्या दुधाचं तासन्‌तास घोटलेलं दोदोल, एकेक थर भाजून मग त्यावर पुढचा ओतायची बिबिंका, चण्याच्या डाळीचं दोश, पेरूचं पेराद. आणि नेवऱ्यो. गोव्यातल्या हिंदू घरांत नेवऱ्यो चवथीला होतात, ख्रिस्ती घरांत नाताळला. करणाऱ्या बायकांच्या हाताची सवय एकच. नाताळला शेजारीपाजारी जी ताटं जातात त्यांना तिथे कोन्सुआद म्हणतात. पोर्तुगालमध्ये मात्र कोन्सुआद म्हणजे २४ तारखेच्या रात्रीचं जेवण, खारवलेला कॉड मासा, बटाटे आणि कोबीसारखी भाजी. तिकडे ते घरच्यांनी बसून खायचं, गोव्यात ते उंबरा ओलांडून शेजाऱ्याकडे जातं. मला गोव्याची रीत जास्त आवडते, हा माझा पक्षपात.

आता जे तुला गोव्याबाहेर सुचलंच नाही ते, नगर. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तुझे आजोबा नगरच म्हणतात. तिथले ख्रिस्ती प्रोटेस्टंट. बॉस्टनच्या मिशन मंडळानं पाठवलेले अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत उतरले आणि १८३१ साली नगरला आले. तिथल्या ख्रिस्ती घरांत नाताळला काय होतं माहीत आहे? चकली, शेव, शंकरपाळे, लाडू, करंज्या. सगळा फराळ! दिवाळी झाली की दीड-दोन महिन्यांनी त्या गल्ल्यांतून पुन्हा तळणाचा वास येतो.

हे असं का, यावर माझा एक अंदाज आहे. पोर्तुगीज कॅथलिक आले ते अंड्यांचे गोड पदार्थ, व्हिनेगर, वाईन आणि नाताळचा थाट घेऊन आले. बॉस्टनच्या मिशनऱ्यांच्या पूर्वजांना मात्र नाताळच खपत नव्हता. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता, आणि तिथे नाताळची कायदेशीर सुट्टी सुरू झाली ती १८५६ साली, म्हणजे मिशन नगरला येऊन पंचवीस वर्षं झाल्यावर. ज्यांच्या स्वतःच्या घरी या सणाचं खाणं धड ठरलेलं नाही ते दुसऱ्याला काय शिकवणार? मग नगरच्या बायकांनी आपल्याला सणाचं म्हणून जे येत होतं तेच केलं. हा माझा तर्क आहे, त्या आजींना इतिहास म्हणून ठोकून देऊ नकोस.

तुझ्या त्या आजींचं ताटही असंच ठरलंय, फक्त तिथे बाहेरून आलेल्यांऐवजी उपासानं ठरवलंय. २४ तारखेला रात्री पोलंडमध्ये मांस शिजत नाही. चर्चची सक्ती आता राहिलेली नाही, पण घरं पाळतात. म्हणून बारा पदार्थ, बारा प्रेषितांचे, आणि सगळे बिनमांसाचे. बीटचं लाल सार आणि त्यात छोट्या कानाच्या आकाराच्या मशरूम भरलेल्या उकडलेल्या पुऱ्या, कार्प मासा, कोबी, पियेरोगी म्हणजे सारण भरून उकडलेल्या करंज्या, खसखशीचा रोल. प्यायला सुक्या आलूबुखाराचं आणि सफरचंदाचं धुरकट वासाचं सरबत. ते पहिल्या घोटाला विचित्र लागेल, पण तोंड वाकडं करू नकोस. आपल्याकडे उपासाच्या दिवशी साबुदाणा, वरी, रताळं, शेंगदाणे मिळून जेवण रोजच्यापेक्षा चढच होतं ना? तसंच समज.

आपल्या ड्रेस्डेनचा श्टोलन, म्हणजे नाताळचा सुक्या मेव्याचा गोड पाव, तोही उपासातूनच आलेला. नाताळच्या आधीचे आठवडे उपासाचे, त्यात लोणी वर्ज्य. सॅक्सनीतले बेकर मोहरीच्या जातीच्या तेलात तो करायचे आणि तो फारसा बरा लागत नसणार. शेवटी १४९१ साली पोप आठवा इनोसंट यानं पत्र देऊन लोण्याची परवानगी दिली, अर्थात पैसे भरायच्या अटीवर. आता त्यात इतकं लोणी असतं की कागदाला डाग पडतो. इथिओपियात अजूनही ४३ दिवस मांस, दूध, अंडी बंद असतात आणि ७ जानेवारीला, त्यांच्या नाताळला, कोंबडीचा झणझणीत रस्सा होतो. इतके दिवस थांबल्यावर तो कसा लागत असेल!

तर त्या आजींना सांग, मराठी लोक नाताळला करंजी करतात. वसईला करतात, नगरला करतात, गोव्यात करतात. आमच्या घरी ती दिवाळीला होते, शेजारी नाताळला. आणि करंज्याच घेऊन जा.

ओल्या नारळाच्या नकोत, टिकणार नाहीत. दुकानात सुकं किसलेलं खोबरं मिळतं ते मंद आचेवर परतून घे, बारीक रवा वेगळा भाज. खसखस तिथे हवी तेवढी मिळेल, डिसेंबरात पोलिश दुकानांत तिची रासच असते, फक्त ती निळी-काळी असते. कोरडी भाजून कुटून घाल. सारण काळपट दिसेल, दिसू दे, त्यांना ते ओळखीचंच वाटेल. पिठीसाखर सगळं गार झाल्यावरच मिसळ, वेलची-जायफळ तुझ्याकडे मी दिलेलं आहे. मैद्याला कडकडीत मोहन घाल आणि लाट्या ओल्या फडक्याखाली ठेव. कातणं नसलं तर काट्यानं कडा दाब. तळताना आच मोठी करू नकोस, तुला घाई असते. तळायला तेलच घे, चरबी नको, त्या रात्रीच्या ताटात ती चालायची नाही.

तिथे बसायच्या आधी पांढरी पातळ वेफर हातात देतील. तिचा तुकडा मोडून एकेकाला शुभेच्छा द्यायच्या असतात, आधी खाऊन टाकू नकोस. टेबलावर एक ताट रिकामं असेल, अचानक येणाऱ्या पाहुण्यासाठी, तिथे बसू नकोस. बाराही पदार्थ थोडे थोडे तरी चाख, ते अपेक्षितच असतं. आणि आजींनी कार्पचा खवला दिला तर पाकिटात ठेव, वर्षभर पैसा टिकतो म्हणतात. तुझ्या बाबतीत करून बघायला हरकत नाही.

करंज्या डब्यात कागद घालून भर आणि डबा हातातच ठेव, सॅकमध्ये चुरा होतो. गाडी कितीची आहे ते कळव.

आई