आत्या-काकांचं तिकीट वेटिंगवरच राहिलं. आता महागडं विमान की अकरा दिवसांचा मुक्काम?

पुण्याच्या एका वाचक भगिनीचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"दिवाळीला मिस्टरांच्या आत्या (वय ७१) आणि काका (७६) नागपूरहून आमच्याकडे आले. येतानाचं तिकीट कन्फर्म होतं, जातानाचं थर्ड एसीचं वेटिंग १४-१५. होईल कन्फर्म, म्हणून आम्ही निवांत राहिलो. चार्ट लागला तेव्हा वेटिंग ३-४ वर अडकलेलं. आता विमानाचं दोघांचं मिळून २३,८०० दाखवतंय, ५ नोव्हेंबरनंतर ९,६००. मिस्टर म्हणतात, पाहुण्यांना ताटकळत ठेवायचं नाही, क्रेडिट कार्डावर आत्ताच काढून देऊ. कार्डाचं बिल आधीच ३८,००० झालंय, ९ तारखेला भरायचंय; ते या महिन्यात 'मिनिमम' भरायचं म्हणतात. बचत खात्यात ४६,००० आहेत, पण ५ तारखेला घराचा ३१,००० चा हप्ता जातो. पगार दोघांचेही महिनाअखेरीला होतात. दीड लाखाची एफडी आहे, ती मोडावी का? ते राहिले तर मला पाच दिवस बिनपगारी रजा घ्यावी लागेल. माझा पगार ६२,००० आहे. काकांनी दहा हजारांचं पाकीट पुढे केलं होतं, मिस्टरांनी ते परत त्यांच्याच खिशात कोंबलं. आत्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन १४ नोव्हेंबरला नागपुरात ठरलंय. काका टपाल खात्यातून निवृत्त झालेत, त्यांचा हयातीचा दाखलाही नोव्हेंबरातच द्यायचा असतो."

विमानाचं तिकीट आज काढू नका. एफडीला हात लावू नका. एवढं मी त्यांना त्याच दिवशी कळवलं होतं. त्यामागचा हिशेब इथे मांडतो, कारण दिवाळी, मे महिना आणि गणपतीच्या दिवसांत हा प्रसंग बऱ्याच घरांत येतो.

ताई, तुमच्या पत्रात आकडे भरपूर आहेत, पण आत्या-काकांचं स्वतःचं म्हणणं कुठेच नाही. त्यांना घरी कधी पोचायचंय, हे कुणी विचारलंय का? मिस्टरांनी ठरवलं की त्यांना लगेच पाठवायचं, तुम्ही ठरवलं की राहिले तर रजा घ्यायची. ज्यांचं तिकीट, ते दोघं बाहेरच्या खोलीत बसलेत आणि आत कुजबुज चाललीय. ती त्यांना ऐकू जाते, म्हणून तर पाकीट बाहेर आलं. आज रात्री जेवताना सरळ विचारा, "आत्या, सहा-सात तारखेपर्यंत राहिलात तर तिकडे काही अडतंय का?" या प्रश्नाला पैसे पडत नाहीत आणि निम्मा निर्णय त्यातच होऊन जातो.

तुम्ही दिलेल्या माहितीवरून तरी तातडीचं काही दिसत नाही. हयातीच्या दाखल्यासाठी नागपूर गाठायची गरज नाही. 'जीवन प्रमाण' या ऑनलाइन दाखल्यामुळे केंद्र सरकारचा पेन्शनर तो देशात कुठूनही देऊ शकतो. मोबाइलवर चेहऱ्याची ओळख पटवून घरबसल्या काम होतं; ते जमलं नाही तर इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचा पोस्टमन घरी येऊन बोटांचा ठसा घेतो, त्याचं शुल्कही शंभराच्या आत आहे. (काका टपाल खात्यातले, म्हणजे तुम्हाला हे त्यांच्याकडूनच कळायला हवं होतं.) पीपीओ (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा) क्रमांक, आधार आणि पेन्शनचा खाते क्रमांक मात्र हाताशी हवा. रोजच्या गोळ्या संपत आल्या असतील तर नागपूरच्या डॉक्टरांकडून चिठ्ठीचा फोटो मागवून घ्या, गोळ्या पुण्यातही मिळतील. राहता राहिलं मोतीबिंदूचं ऑपरेशन. तीच काय ती खरी मुदत.

आता मुक्कामाचा खर्च. दोन ज्येष्ठ माणसांचं दूध, भाजी, फळं, किराणा, गॅस आणि गिझरची वीज धरून रोजचे ४०० रुपये मी सढळ हाताने धरतो. अकरा दिवसांचे ४,४००. भांड्यांच्या बाईंना ५०० वरचे द्या, मागायची वाट बघू नका. म्हणजे पाच हजारांच्या आत. त्यानंतर ९,६०० च्या विमानानेच पाठवलंत तरी एकूण १४,५०० होतात. आजच्या २३,८०० पेक्षा ९,३०० कमी.

पण तुमची बिनपगारी रजा यात धरली की चित्र उलटतं. ६२,००० भागिले ३०, गुणिले ५: दहा हजारांच्या वर. विमानात वाचवलेलं सगळं रजेत गेलं, वर हजार रुपये पदरचे. मुक्कामाच्या हिशेबातला सगळ्यात मोठा खर्च हा आहे, आणि तो तुम्ही एका ओळीत, जाता जाता लिहिलाय. कुणासाठी घेताय रजा? ७१ वर्षांच्या आत्यांना कुकर लावता येतो, आणि बहुधा तुमच्यापेक्षा चांगला लावता येतो. दिवाळीचे चार दिवस त्या पाहुण्या होत्या. आता त्या घरातलं माणूस आहेत. "मी दहा ते सहा कामावर, दुपारचं तुम्ही बघाल का?" असं म्हटलंत तर त्यांना बरंच वाटेल. रोज सकाळी "आज काय करू तुमच्यासाठी?" असं ऐकून माणसाला आपला भार होतोय असं वाटायला लागतं.

क्रेडिट कार्डाबद्दल मिस्टरांशी मी थोडा कडक बोलणार आहे. 'मिनिमम' भरलं म्हणजे बिल भरलं असं होत नाही. फक्त उशिराचा दंड टळतो. उरलेल्या रकमेवर व्याज सुरू होतं, आणि थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून मीटर चालू. ३८,००० अधिक २३,८०० म्हणजे ६१,८००. महिना साडेतीन टक्के धरले, बऱ्याच कार्डांचा दर याच्या आसपास असतो, तर व्याज २,१६३ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ३८९. महिन्याला अडीच हजार नुसते व्याजाचे. या पैशात आत्या-काकांचा सहा दिवसांचा पाहुणचार होतो.

आणि मुळात पैशांची तंगी नाहीच, तारखांचा घोळ आहे. खात्यातले ४६,००० तुम्ही हप्त्यासाठी राखून ठेवलेत, पण हप्ता ५ तारखेचा आहे आणि पगार त्याआधी जमा होतात. तेव्हा हप्ता पगारातून जाऊ द्या. कार्डाचे ३८,००० आज-उद्या याच ४६,००० मधून पूर्ण भरून टाका, ९ तारखेची वाट बघू नका. आठ हजार उरतात. महिनाअखेरीपर्यंतच्या दूध-भाजीला तेवढे पुरतात. एफडी मोडली तर जितके दिवस ठेवली तितक्याच दिवसांचा कमी दर लागतो आणि बऱ्याच बँका त्यातूनही अर्धा-एक टक्का कापतात. उद्या देव न करो, पण काकांना रात्री दवाखान्यात न्यावं लागलं, तर ही एफडी त्यासाठी आहे. तेव्हाही मोडण्याआधी बँकेला तिच्यावर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे एफडी तारण ठेवून उचल, मागा.

रेल्वेचं बोलू. चार्ट लागल्यावरही पूर्ण वेटिंगवर राहिलेलं ऑनलाइन तिकीट आपोआप रद्द होतं. माणशी ६० रुपये, एसी असल्यामुळे त्यावरचा जीएसटी आणि बुकिंगच्या वेळचं सुविधा शुल्क वगळून पैसे परत येतात. त्यासाठी काहीही करावं लागत नाही. 'रिफंडसाठी या लिंकवर क्लिक करा' असा मेसेज किंवा फोन आला तर तो चोराचा. पण एक गोष्ट बघा: तिकीट मिस्टरांनी काढलं असेल तर पैसे त्यांच्याच कार्डावर किंवा खात्यात परत येतील. काकांनी त्याचे पैसे आधी रोख दिले होते का? दिले असतील तर तो परतावा काकांचा आहे. कार्डाचं बिल तेवढ्याने कमी दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका, त्याच दिवशी काकांच्या खात्यात टाका.

नवीन तिकीट काढताना तत्काळच्या आधी ज्येष्ठ नागरिकांचा लोअर बर्थ कोटा बघा. साठीपुढचे पुरुष आणि पंचेचाळीशीपुढच्या महिला यांना तो मिळतो. अट इतकीच की प्रवासी एकटा असावा किंवा जास्तीत जास्त दोघं, आणि दोघंही या वयात बसणारे. तुमचे आत्या-काका अगदी बसतात. तरुण भाच्याचं नाव त्याच तिकिटात घातलं की हा कोटा गेला. जनरल कोट्यात वेटिंग दिसत असताना या कोट्यात कधी कधी जागा शिल्लक असते, आणि ७६ व्या वर्षी मधल्या बर्थवर चढायची कसरतही टळते. भाड्यातली ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, ती धरू नका.

तत्काळ एसीसाठी आदल्या दिवशी सकाळी १० ला उघडतं. १ जुलै २०२५ पासून आयआरसीटीसीचं (रेल्वे तिकिटांच्या साइटचं) खातं आधारशी जोडून पडताळलेलं नसेल तर ऑनलाइन तत्काळ निघतच नाही, तेव्हा हे काम आज रात्रीच उरका. सकाळी ९ वाजून ५५ मिनिटांनी ओटीपीची वाट बघत बसायची वेळ नको. पहिला अर्धा तास एजंटांना बंदी असते, म्हणजे "कन्फर्म करून देतो, माणशी हजार द्या" म्हणणाऱ्याकडे जायचं कारण नाही. थर्ड एसीला तत्काळचं जादा शुल्क माणशी फार तर ४०० रुपये. दोघांचे ८०० जास्त गेले तरी चालेल, पण कन्फर्म झालेलं तत्काळ रद्द केलं तर दमडी परत मिळत नाही. तेव्हा तारीख पक्की झाल्यावरच काढा. पुणे-अजनी (नागपुरातलंच स्टेशन) वंदे भारतही आहे, सकाळी निघून संध्याकाळी पोचते. बारा तास खुर्चीत बसणं काकांच्या गुडघ्यांना झेपेल का, हे त्यांनाच विचारा.

एसटीचं नाव पत्रात नाही याचं मला नवल वाटलं. राज्याच्या हद्दीत ७५ वर्षांवरच्यांना एसटी मोफत आहे आणि महिलांना अर्धं तिकीट. म्हणजे काका फुकट, आत्या अर्ध्यात. पुणे ते नागपूर सलग बस मी त्यांना सुचवणार नाही, पण छत्रपती संभाजीनगर किंवा अकोल्याला कुणी नातेवाईक असेल तर एक मुक्काम करून दोन टप्प्यांत जाता येतं, आणि अकोल्याहून पुढे नागपूरकडे रेल्वेगाड्या भरपूर आहेत. खासगी ट्रॅव्हल्सबाबत एवढंच: २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे त्यांना एसटीच्या भाड्याच्या दीडपटीहून जास्त आकारता येत नाही. दिवाळीत हा नियम किती पाळला जातो ते तुम्ही बघताच. जास्त घेतलं तर तिकीट जपून ठेवा आणि आरटीओकडे तक्रार करा. वरची स्लीपर मात्र या वयात कितीही स्वस्त मिळाली तरी नको.

आता ते पाकीट. मिस्टरांचा मान मी समजू शकतो; आत्याकडून मुक्कामाचे पैसे घेणं मलाही जमणार नाही. पण परतीचं तिकीट त्यांचं होतं आणि ते त्यांना स्वतः काढायचंय. काकांना पेन्शन आहे. ते मदत मागत नाहीत, आपला वाटा उचलू बघतायत. तो झिडकारला तर उद्या ते कुणाला न सांगता स्टेशनवर जाऊन जनरलच्या डब्यात बसतील. असे स्वाभिमानी म्हातारे मी पाहिलेत. तेव्हा ताट तुमचं, तिकीट त्यांचं. मिस्टरांनी काकांना म्हणावं, "तिकिटाचे जे होतील ते तुमच्याकडून घेतो, बाकीचं पाकीट आत्याकडे ठेवा." काकांनी विमानच म्हटलं तर ५ तारखेनंतरचं ९,६०० चंही त्यांच्याच पैशांतून निघतं, वर चारशे उरतात. तुम्हाला काही द्यायचंच असेल तर पुणे स्टेशन किंवा विमानतळापर्यंतची कॅब करून द्या आणि डबा बांधून द्या.

२३,८०० चं तिकीट मी एकाच परिस्थितीत काढायला सांगितलं असतं: दोघांपैकी कुणाची तब्येत बिघडली असती आणि उपचार करणारे डॉक्टर नागपूरचे असते. तेव्हा मी व्याजाचा हिशेब मांडत बसलो नसतो. इथे तसं नाही.

आता तारीख. ऑपरेशन १४ ला असलं तरी त्याआधी साखर, रक्तदाब आणि डोळ्यांच्या मापाच्या तपासण्या असतात, डोळ्यात थेंबही काही दिवस आधीपासून घालावे लागतात. नागपूरच्या दवाखान्यात उद्याच फोन करून विचारा की तपासणीला कोणत्या तारखेला यायचं. त्यांनी १० म्हटलं तर ८ ला पोचायचं तिकीट बघा, कारण ७ चं हुकलं तरी ८ च्या तत्काळचा एक प्रयत्न हाताशी राहतो.