वडिलांच्या नावावरचं रेंटल लायसन्स चालेल का आणि इन्स्पेक्शनला नक्की काय बघतात

तुमचे दोन प्रश्न आहेत, घर भाड्याने द्यायचं लायसन्स वडिलांच्या नावावर आहे आणि त्याची दोन वर्षं अजून शिल्लक आहेत तर तेच तुम्हाला चालेल का, आणि त्यासाठी घराच्या इन्स्पेक्शनला काय बघतात. पहिल्याचं उत्तर, चालेल असं अजिबात धरून चालू नका. लायसन्स सहसा नुसतं घराच्या भिंतींना नाही, माणसाला दिलेलं असतं. इंग्लंडमध्ये तर ते दुसऱ्याच्या नावावर करताच येत नाही, मालक बदलला की नवा अर्ज. दुसऱ्या शहरातल्या ओळखीच्याला विचारून ठरवू नका, कारण नियम दर ठिकाणी वेगळा. इंग्लंडमध्येच बघा ना, वेगवेगळ्या कुटुंबांतले ५ किंवा जास्त लोक किचन-बाथरूम शेअर करत असतील तर सगळीकडे लायसन्स लागतं, त्याहून कमी असतील तर त्या त्या कौन्सिलवर (तिथली स्थानिक पालिका) अवलंबून, आणि अशा लायसन्सवाल्या घरात एका मोठ्या माणसाच्या झोपायच्या खोलीला किमान ६.५१ चौरस मीटर जागा हवी. म्हणून आधी तुमच्याकडे लायसन्स देणाऱ्या ऑफिसातून चेकलिस्ट मागून घ्या, लेखी.

आता इन्स्पेक्शन. मी पहिल्या वेळी नापास झालो होतो. रंग, फरशी सगळं चकाचक केलं होतं आणि बेडरूमची खिडकी रंगाने चिकटून बसली होती, उघडेचना. आग लागली आणि दाराकडचा रस्ता बंद झाला तर आतला माणूस त्या खिडकीतूनच बाहेर पडणार, हे मला इन्स्पेक्टरने सांगेपर्यंत सुचलंच नव्हतं, आणि त्या खोलीत एक लहान मूल झोपत होतं. ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

तेव्हापासून मी महिनाभर आधी स्वतः घर फिरतो. स्मोक अलार्मचं नुसतं बटण दाबून भागत नाही, मागची तारीख बघा, साधारण १० वर्षांनी अलार्म बदलायचाच असतो, आणि स्वयंपाकात वाजतो म्हणून भाडेकरूने बॅटरी काढलेली मी कितीदा पाहिली आहे. गॅसवर चालणारं काही असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म पण हवाच, त्या वायूला ना वास ना रंग, धुराड्यात पक्ष्याने घरटं केलं तरी तो घरात साठू शकतो. गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकतं म्हणून कोणी तिथे बूच मारलंय का तेही बघा. थर्मोस्टॅट बिघडला तर वाफेला वाट फक्त तीच असते, ती बंद असेल तर टाकी फुटू शकते. बाकी जिन्याचे कठडे, उघड्या वायरी, ओल, हे डोळ्याला दिसतंच.

भाडेकरूला तारीख लेखी कळवा आणि काय बिघडलंय ते त्यालाच विचारा, त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं. नापास झालात तरी साधी दुरुस्ती असेल तर बहुधा मुदत देतात, मग परत बघायला येतात. गॅस आणि वायरिंगची सर्टिफिकेटं मात्र आत्ताच काढायला घ्या, माणूस वेळेवर मिळत नाही आणि त्यातच महिना जातो.