सायपाय (पायथनची वैज्ञानिक गणितासाठीची लायब्ररी) टाकताय पहिल्यांदा? आधी हे वाचा
अरे घाबरू नकोस, सुरुवातीला सगळ्यांचंच गंडतं. आधी व्हेन्व (त्या प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथन) बनव, ॲक्टिव्हेट कर आणि मगच 'पायथन -एम पिप इन्स्टॉल सायपाय' मार (पिप म्हणजे लायब्ररी टाकायचं-काढायचं टूल), म्हणजे ज्या पायथनने कोड चालवणार त्यातच लायब्ररी जाते, नाहीतर इन्स्टॉल झालं म्हणतंय पण इम्पोर्ट होत नाही हे रडगाणं ठरलेलं.

नवीन लोक हमखास करतात ते:
- सुडो (ॲडमिनचे अधिकार) लावून पिप चालवणं. सिस्टिमचं पायथन बिघडू शकतं, नकोच.
- स्वतःच्या फाइलला नमपाय.पीवाय नाव देणं. नमपाय ही सायपायला लागणारी लायब्ररी, मग पायथन तिच्याऐवजी तुझीच फाइल उचलतं (मीपण केलंय, अख्खी संध्याकाळ गेली).

काढायला 'पिप अनइन्स्टॉल सायपाय', विचारलं की वाय दाब. सोबत आलेलं नमपाय मात्र तसंच राहतं, ते वेगळं काढावं लागतं. फारच गुंता झाला तर व्हेन्वचं फोल्डरच उडव आणि नवं बनव. कोंडा (पिपसारखंच दुसरं टूल) वगैरे नंतर बघू.